गोदाकाठ, यात्रा आणि बदलते हवामान : गंगाखेडच्या संदर्भात एक प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे तालुक्याचे गाव गोदावरीच्या दक्षिण काठावर आहे. परभणीहून येणाऱ्याला नदीवरचा पूल ओलांडूनच गावात शिरावे लागते. संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून वारकरी संप्रदायात या गावाला मान आहे आणि परिसरात त्याला दक्षिण काशी म्हणतात. गावाचे रोजचे चलनवलन घाटाशी बांधलेले आहे. परभणी, बीड, लातूर, नांदेड, हिंगोली या जिल्ह्यांतून लोक अस्थिविसर्जनासाठी, दशक्रियेसाठी, पिंडदानासाठी आणि पर्वस्नानासाठी येथे येतात. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला परळी वैजनाथकडे निघालेले अनेक जण वाटेत नदीवर थांबतात. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखीही आषाढीआधी गंगाखेडवरून पुढे जाते.

महाबळेश्वर किंवा कोकण किनाऱ्यावरच्या पर्यटनाची मोजपट्टी येथे लावता येत नाही. येणारा माणूस सहलीला आलेला नसतो. तो सकाळी जीपने, टेम्पोने किंवा रेल्वेने येतो, तीन-चार तासांत विधी आटोपतो आणि दुपारी परततो. लॉजच्या रजिस्टरात त्याची नोंद होत नाही. त्याच्या येण्यावर मात्र पुरोहित, गुरव, न्हावी, फुलवाले, पत्रावळी-द्रोण आणि पूजासाहित्य विकणारे, चहाच्या टपऱ्या, खानावळी, मिठाईवाले, रिक्षावाले अशा शेकडो घरांची चूल पेटते. यांतील पुष्कळांची घरे किंवा दुकाने नदीच्याच बाजूला आहेत. म्हणूनच पाहुण्याला असलेला धोका आणि रहिवाशाला असलेला धोका येथे वेगवेगळे मांडता येत नाहीत. दोघेही एकाच पाण्याच्या वाटेवर, एकाच हंगामात उभे असतात.

हा हंगाम नेमका कोणता, हे पंचांग आणि पाऊस एकत्र पाहिल्यावर कळते. सहलीची तारीख बदलता येते, दशक्रियेची येत नाही. मृत्यूनंतरचा दहावा दिवस श्रावणात आला किंवा भादव्यात आला, तरी कुटुंबाला घाटावर यावेच लागते. पितृपक्ष भाद्रपदात येतो, म्हणजे साधारण सप्टेंबरात. गणेशविसर्जनही त्याच सुमारास असते. वरच्या धरणात पाणी काठोकाठ होण्याचा काळही हाच आहे. अधिक मास तर दर वेळी जागा बदलतो. 2023 मध्ये अधिक श्रावण 18 जुलै ते 16 ऑगस्ट असा भर पावसाळ्यात आला. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन उन्हाळ्यात येतो. धोंड्याच्या महिन्यातील एकाच गोदास्नानाला एका वर्षी पुराची शक्यता असते, तर दुसऱ्या वर्षी पाणी नसण्याची आणि उन्हाच्या तडाख्याची.

गंगाखेडला पूर कसा येतो, हे समजण्यासाठी नदीच्या वरच्या अंगाला जावे लागते. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि 1465 कि.मी. वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. पैठणला तिच्यावर जायकवाडी धरण आहे. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याच्या नाथसागर जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे 102 टीएमसी (अब्ज घनफूट) आणि उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी आहे. सांडव्याला 27 दरवाजे आहेत. धरणात येणारे पाणी मुख्यतः मराठवाड्यातल्या पावसाचे नसते, ते नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या घाटमाथ्यावरून येते. दारणा, गंगापूर, भंडारदरा ही वरची धरणे भरली की पाणी जायकवाडीकडे सरकते. जायकवाडी भरले की दरवाजे उचलावे लागतात.

पैठणपासून गंगाखेड नदीच्या वाटेने साधारण 200 कि.मी. आहे. मधल्या आणि पुढच्या पट्ट्यात ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, मुळी, दिग्रस अशी उच्च पातळी बंधाऱ्यांची मालिका आहे आणि नांदेडला विष्णुपुरी प्रकल्प आहे. हे बंधारे पावसाळ्यानंतरचे पाणी अडवण्यासाठी बांधले गेले. मोठा पूर पोटात घेण्याइतकी त्यांची साठवण नाही, त्यामुळे पूर आल्यावर त्यांचेही दरवाजे उघडावे लागतात. शिवाय बीड जिल्ह्यातून येणारी सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीला मिळते. तिच्यावरचे माजलगाव धरण भरलेले असले, तर तिचे पाणीही गंगाखेडच्या दिशेनेच येते. पूर्णा नदीचा संगम मात्र गंगाखेडच्या खाली कंठेश्वर येथे आहे. म्हणून एकच पूर नांदेडला गंगाखेडपेक्षा अधिक रौद्र होऊ शकतो.

यावरून गंगाखेडच्या पुराचे दोन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात गावावर ऊन असते आणि नदी चढत असते, कारण पाऊस दोनशे-तीनशे किलोमीटरवर झालेला असतो. या पुराची खबर आधी मिळू शकते. पैठणहून सोडलेले पाणी पोचायला एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. दुसऱ्या प्रकारात पाऊस मराठवाड्यातच कोसळतो. सिंदफणा, छोट्या नद्या आणि गावओढे काही तासांत भरतात आणि सावरायला वेळ मिळत नाही. दोन्ही प्रकार एकत्र आले की सर्वांत वाईट स्थिती ओढवते. नदी वरच्या विसर्गाने आधीच तुडुंब असते, ओढ्यांचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते उलट मागे फुगते आणि नदीपासून दूर असलेली शेतेही बुडतात. खळी, मुळी, धारखेड यांसारख्या काठावरच्या गावांना नदीच्या पाण्याइतकाच हा फुगवटाही ओळखीचा आहे.

अलीकडच्या वर्षांची नोंद या संदर्भात बोलकी आहे. ऑगस्ट 2006 मध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या (घनफूट प्रतिसेकंद) घरात विसर्ग झाला आणि पैठणपासून नांदेडपर्यंतच्या काठाने तो पूर दीर्घकाळ लक्षात ठेवला. त्यानंतर 2012 ते 2016 या काळात मराठवाड्याने वारंवार दुष्काळ पाहिले. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच उन्हाळ्यात नाशिकचे रामकुंड कोरडे पडले. सप्टेंबर 2021 च्या अखेरीस ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या अवशेषांनी मराठवाड्यात अतिवृष्टी केली. ऑगस्ट 2023 हा देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. 1 आणि 2 सप्टेंबर 2024 रोजी परभणी, हिंगोली, नांदेड जिल्ह्यांत पुन्हा अतिवृष्टी झाली. सप्टेंबर 2025 च्या उत्तरार्धात बीड, धाराशिव, जालना, परभणी, नांदेड असा सारा पट्टा पाण्याखाली गेला आणि महिनाअखेरीस जायकवाडीचा विसर्ग सुमारे तीन लाख क्युसेकवर पोचला. तीन लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर टिकला, तर सुमारे 26 टीएमसी पाणी खाली जाते. जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याचा हा तिसरा हिस्सा होतो.

या नोंदीतली एक गोष्ट पुढच्या विवेचनाचा पाया आहे. मोठ्या घटना हंगामाच्या शेवटाकडे वारंवार येत आहेत. पावसाळा लांबल्याची दखल हवामान खात्यानेही घेतली आहे. 2020 मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार वायव्य भारतातून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर गेली. जुलैत अतिवृष्टी झाली तर तिचे पाणी धरणात मावते. सप्टेंबरच्या शेवटी धरण भरलेले असते आणि येईल ते पाणी खाली सोडण्यावाचून इलाज नसतो. दुष्काळी प्रदेशात धरण आधीच रिकामे ठेवणेही सोपे नाही. पुढचा पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात टँकर लावावे लागतात. वरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचे, यावर नाशिक-अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात बरीच वर्षे वाद आहे. जायकवाडीतील साठा 65 टक्क्यांपर्यंत नेण्याचा निकष त्यातूनच पुढे आला. साठा राखण्याची गरज आणि पुरासाठी जागा ठेवण्याची गरज यांच्यात ताण आहे, आणि हवामान जितके लहरी होईल तितका तो वाढेल.

हवामान बदलाचा शास्त्रीय आधार थोडक्यात असा. हवेचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र तापत आहे आणि त्यावरून येणारे बाष्पाचे लोट मध्य भारतावर अधिक चढउतारांसह पोचत आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातील मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले. वर्षाच्या एकूण पावसात फार फरक न पडताही हा बदल घडू शकतो. पावसाचे दिवस घटतात, मधली उघडीप लांबते आणि जो पाऊस पडतो तो थोड्या तासांत पडतो. दुष्काळ आणि पूर एकाच दशकात, कधी एकाच वर्षात येतात, त्याचे कारण हे आहे.

मात्र प्रत्येक पुराचा सगळा दोष तापमानवाढीवर टाकता येत नाही. ओढे-नाले बुजवणे, काठावरची अतिक्रमणे, अरुंद मोऱ्या आणि वाळूउपसा यांमुळे तेवढ्याच पावसाचे नुकसान वाढते. गोदावरीच्या या पट्ट्यात वाळूउपशाने पात्रात खोल खड्डे पडतात. पाणी आले की ते दिसत नाहीत आणि पायरीवरून चार पावले पुढे गेलेला परगावचा माणूस बुडतो. तो धोका पूर नसतानाही असतो.

काठावरच्या वस्तीचे नुकसान अनेक थरांचे असते. घर पडणे, धान्य भिजणे, जनावरे वाहून जाणे हे लगेच दिसते. काळ्या जमिनीत पाणी साचून राहिले की काढणीला आलेले सोयाबीन शेंगेतच उगवते आणि कापसाची बोंडे सडतात. प्रवाह जोराचा असेल तर वरचा सुपीक थर खरडून जातो आणि त्याची भरपाई एका हंगामात होत नाही. महसूल मंडळात 24 तासांत 65 मि.मी.पेक्षा अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते. मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामे करतात. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. शेत, घर, जनावर, दुकान यांचे नुकसान अशा मदतीत मोजले जाते. पण घाट आठवडाभर पाण्याखाली राहिल्याने न्हाव्याची, फूलवाल्या बाईची किंवा पुरोहिताची बुडालेली कमाई पंचनाम्यात बसत नाही. धार्मिक पर्यटनावर जगणाऱ्या गावांत हे अदृश्य नुकसान मोठे असते.

घाटावर पूर कसा उतरतो हेही पाहण्यासारखे आहे. पाणी चढू लागले की विधी एकेक पायरी वर सरकतात. क्षौर, पिंड मांडणे, कावळा शिवण्याची वाट पाहणे हे सारे वरच्या पायऱ्यांवर किंवा रस्त्याच्या कडेला उरकावे लागते. गर्दी तीच राहते आणि जागा आक्रसते. वृद्ध माणसे, नुकतेच मुंडण केलेली मुले आणि अस्थिकलश घेतलेले नातेवाईक निसरड्या कडेला दाटीने उभे राहतात. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर बोटभर, कधी वीतभर काळा गाळ राहतो. तो ओला असतानाच धुऊन काढला तर निघतो. उन्हाने वाळला की फावड्याने खरडावा लागतो आणि पुढच्या सरीत पुन्हा चिखल होतो. घाटावर अपघात होतात ते बरेचदा पूर ओसरल्यानंतरच्या या दिवसांत. वाहून आलेल्या तारा, काटे, मेलेली जनावरे आणि दूषित पाणी यांमुळे त्वचारोग आणि पोटाचे आजारही मागोमाग येतात.

पूर हाच कधी पाहण्याचा विषय होतो. जायकवाडीचे दरवाजे उघडले की पैठणला गर्दी लोटते. नदी दुथडी भरली की गंगाखेडच्या पुलावर माणसे थांबतात. कृष्णाकाठी नृसिंहवाडीला पुराचे पाणी दत्त पादुकांवरून वाहून दक्षिण दरवाजाने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक त्यात स्नान करतात. नाशिकला दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढले, यावरून शहर पुराचा अंदाज बांधते. नदीकाठच्या समाजाचे पुराशी जुने नाते यातून दिसते. ते नाते पाणी हळूहळू चढण्याच्या अनुभवावर उभे आहे. धरणातून एकाएकी वाढणारा विसर्ग त्या अनुभवात बसत नाही.

यात्रेचे आणि पुराचे दिवस एकत्र येण्याचे सर्वांत मोठे उदाहरण नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा आहे. त्याची प्रमुख स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये, पावसाळ्यातच येतात. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 मध्ये नाशिकच्या घाटांवर गंगापूर धरणाच्या विसर्गाने पूर आला होता. पंढरपूरला चंद्रभागेचे वाळवंट उजनी आणि वीर धरणांच्या विसर्गावर अवलंबून असते. जून 2013 मध्ये केदारनाथला यात्रा ऐन भरात असताना आलेल्या महापुराने तीर्थयात्रेचे दिवस आणि टोकाचा पाऊस एकत्र आल्यावर काय होते, हे दाखवले. गंगाखेडचा आकार लहान असला, तरी प्रश्नाचे स्वरूप तेच आहे.

कोरड्या काळाचे धोके पुराइतके ठळक दिसत नाहीत. उन्हाळ्यात पात्रात डबकी उरतात, गावचे सांडपाणी त्यांत मिसळते, जलपर्णी पसरते. स्नानासाठी आलेल्याला स्वच्छ पाणी मिळत नाही आणि बंधाऱ्यातून पाणी सोडण्याची मागणी होते. ते पाणी पिण्यासाठी राखायचे की पर्वासाठी सोडायचे, हा निर्णय स्थानिक प्रशासनाला घ्यावा लागतो. परभणी परिसरात एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांच्या पुढे जातो. मान्सून लांबला तर पालखीसोबत चालणारा वारकरी पावसाऐवजी उन्हात चालतो. उष्माघाताची तयारी म्हणून सावली, पाणी आणि दवाखाना या गोष्टी आता जूनमध्येही लागतात. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात विजेचा धोका असतो. उघड्या घाटावरच्या माणसांना तो सर्वांत जास्त असतो.

संरक्षणाची चौकट कागदावर बरीचशी तयार आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण काम करते. केंद्रीय जल आयोग ढालेगाव आणि गंगाखेडजवळच्या पुलाशी गोदावरीची पातळी व प्रवाह मोजतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांसाठी हवामानाधारित सल्ला निघतो. विजेच्या पूर्वसूचनेसाठी पुण्यातील उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. नदीकाठच्या बांधकामासाठी पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आणि दोन रेषांमध्ये नियंत्रित असते. या रेषा जुन्या नोंदींवरून काढतात. पावसाची तऱ्हा बदलली की 25 वर्षांचा पूर अधिक लवकर परततो, म्हणून रेषांची फेरतपासणी ठरावीक मुदतीने व्हावी लागते. घाट तर निळ्या रेषेच्या आतच असणार. तेथे कायमस्वरूपी शेड, विजेचे खांब किंवा दुकानगाळे उभारताना ते बुडणार हे गृहीत धरावे लागते.

इशाऱ्याची साखळीही ठरलेली आहे. पैठणच्या पूर नियंत्रण कक्षाकडून जिल्हाधिकारी, तेथून तहसीलदार, मग नगरपालिका आणि ग्रामपंचायती, आणि शेवटी तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल यांच्यामार्फत दवंडी आणि भोंगा. ही साखळी रहिवाशापर्यंत पोचते. परगावचा यात्रेकरू तिच्या बाहेर राहतो. उदगीर किंवा जिंतूरच्या खेड्यातून पहाटे निघालेल्या कुटुंबाला गंगाखेडच्या तहसीलदाराचा इशारा कुठून कळणार? त्या कुटुंबाने आदल्या दिवशी फोन केलेला असतो तो पुरोहिताला. पुरोहित, न्हावी, जीपचालक आणि रेल्वे स्थानक यांना इशाऱ्याच्या साखळीत औपचारिक स्थान दिले, तर कुटुंब घरून निघण्यापूर्वीच निरोप पोचेल आणि विधी कुठे होईल हेही सांगता येईल.

क्युसेकचा आकडा सामान्य माणसाला फारसे काही सांगत नाही. जायकवाडीतून अमुक विसर्ग झाल्यास गंगाखेडच्या घाटावर कोणती पायरी बुडते, कोणता रस्ता बंद होतो, कोणत्या वस्तीला हलावे लागते, याचा तक्ता स्थानिक नोंदींवरून तयार करता येतो. घाटावर रंगीत पातळीखुणा, उंचावर विधींची पर्यायी जागा, पुरानंतर गाळ काढेपर्यंत प्रवेशबंदी, खोल खड्ड्यांपाशी दोर आणि जीवरक्षक, आणि नदीवर पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या भोई-कोळी समाजातील पोहणाऱ्यांना प्रशिक्षण व मानधन, हे उपाय मोठ्या धरणाइतके खर्चिक नाहीत. घाटाच्या कमाईवर जगणाऱ्यांची नोंदणी झाली, तर बुडालेल्या दिवसांची भरपाई देण्यालाही आधार मिळेल.

गंगाखेडच्या अभ्यासासाठी तीन प्रकारच्या नोंदी एकत्र आणाव्या लागतात: पाऊस आणि विसर्गाच्या, पंचांगानुसार येणाऱ्या गर्दीच्या, आणि नुकसानीच्या. आज पहिल्या हवामान व जलसंपदा खात्यांकडे, तिसऱ्या महसूल खात्याकडे असतात, आणि गर्दीचा अंदाज घाटावरच्या पुरोहितांच्या व दुकानदारांच्या अनुभवातच राहतो. या तिन्ही नोंदी एका तक्त्यात आल्यावर पितृपक्षातले किंवा अधिक मासातले कोणते दिवस सर्वाधिक जोखमीचे आहेत, हे हंगामाआधी ठरवता येते. बंदोबस्त, विधींची पर्यायी जागा आणि वस्तीचे स्थलांतर यांचे नियोजन त्यावरून करता येते.